माझा हात कुठे गेला?

मंडळी, गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात आपण पाळीव प्राण्यांच्या फोटोंचा लिलाव ठेवला होता, तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. फराळाच्या टेबलाशेजारी भिंतीला टेकून बारा फ्रेमा मांडल्या होत्या. सात कुत्रे, चार मांजरे आणि एक कासव. पैसे जाणार होते एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सोबत देण्याच्या कामाला. कल्पना चांगली, हेतू चांगला, चिवडाही चांगला होता. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती नवव्या फ्रेमबद्दल. त्या फ्रेममध्ये आमचा मोती होता. सासूबाईंना मी हाताला धरून तिथपर्यंत नेले. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अगं, माझा हात कुठे गेला?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. कारण तो हात मीच कापला होता. "कापू द्या" म्हणणारे दुसरे होते, पण फोनवर बोट ठेवून चौकट ओढणारी मी. म्हणून हा लेख आधी माझ्याविरुद्ध आहे आणि मग तुमच्याविरुद्ध. वर्षातून एकदा निघणाऱ्या या स्मरणिकेत सहसा कुणी कुणाशी भांडत नाही. मला भांडायचे आहे.

आधी मोतीची ओळख करून देते. मोती काळाकुट्ट होता. शेजारच्या इंग्रज आजीबाईंचा तो कुत्रा. त्यांनी त्याचे नाव 'पर्ल' ठेवले होते, का ते देव जाणे. आजीबाईंना केअर होममध्ये जावे लागले, तिथे कुत्रा चालत नव्हता, आणि "दोन आठवडे सांभाळाल का?" असे विचारून त्यांच्या मुलाने पर्ल आमच्या दारात आणून सोडला. दोन आठवड्यांची सात वर्षे झाली. आमच्या आईंना (मी सासूबाईंना आईच म्हणते) 'पर्ल' काही उच्चारता येईना. पर्ल म्हणजे काय, असे त्यांनी विचारले. मी सांगितले. "मग सरळ मोती म्हणा की," असे म्हणून त्यांनी बारसे उरकले.

आई २०१० साली इल्फर्डला आल्या. वृद्ध आईवडिलांना इकडे आणण्याचे नियम २०१२ च्या जुलैत एवढे कडक झाले, की आता आपल्यापैकी बहुतेकांना ते जमतच नाही. आम्ही त्याआधी सुटलो. पण आणले म्हणजे झाले असे नव्हे. मी कामावर, हे कामावर, मुलगा शाळेत. सकाळी साडेसातपासून संध्याकाळी सहापर्यंत आई आणि बंद दार. कुत्र्याचा त्यांना विटाळ होता. पहिला महिनाभर मोतीने स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, असा हुकूम होता. मग थंडी पडली आणि तो उंबऱ्यावर झोपू लागला. मग उंबऱ्याच्या आत. पुढचे मी सांगायला नको. ज्या बाईने आयुष्यभर कुत्र्याला 'हाड' याशिवाय दुसरा शब्द वापरला नव्हता, ती त्याच्याशी दिवसभर ज्ञानेश्वरांपासून भाजीच्या भावापर्यंत बोलत असे. घरात तिचे मराठी पूर्ण ऐकून घेणारा तेवढा एकच प्राणी होता.

लिलावासाठी फोटो मागवले तेव्हा मी ठरवून एक फोटो काढला. आता तो कसा काढला ते सविस्तर सांगते, कारण पुढच्या वर्षी तुम्हालाही काढायचा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कुत्र्याचा फोटो उभ्याने काढू नये. उभ्याने काढला की डोके मोठे, पाय आखूड आणि आपण साहेब, असा फोटो येतो. म्हणून मी, गुडघे दुखत असताना, मागच्या दाराशी फरशीवर बसले आणि फोन मोतीच्या डोळ्यांच्या उंचीला धरला. दुसरी गोष्ट फ्लॅशची. कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो. त्यामुळे त्यांना अंधारात दिसते आणि त्यामुळेच फ्लॅशमध्ये त्यांचे डोळे भुतासारखे हिरवे चमकतात. तेव्हा फ्लॅश बंद, मागचे दार उघडे आणि बाजूने येणारा सकाळचा उजेड. तिसरी गोष्ट काळ्या रंगाची. कॅमेऱ्याला समोरचे सगळे जग मध्यम करडे असावे असे वाटते. काळ्या कुत्र्यावर बोट टेकवले की तो बिचारा उजेड वाढवतो आणि मोतीचा पार राखाडी बोका होतो. अशा वेळी बोटाने उजेडाची पट्टी थोडी खाली ओढायची. मग काळा काळाच राहतो आणि त्यातली चमक दिसते.

आई दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या. "माझं तोंड काढू नकोस, केस विंचरले नाहीत," असे त्यांनी बजावले. म्हणून चेहरा घेतला नाही. चौकटीत आला तो त्यांचा हात. कार्डिगनची बाही, दोन बांगड्या, फुगलेल्या शिरा, आणि तो हात मोतीच्या मानेवर. मोती वर बघत होता, चौकटीबाहेरच्या त्यांच्या चेहऱ्याकडे. एवढाच फोटो. मी काही छायाचित्रकार नव्हे, पण चार फोटो काढल्यावर पाचवा बरा आला की आपल्याला कळते. हा पाचवा होता.

तो मी पाठवला. दुसऱ्या दिवशी आपल्या समितीतल्या एका तरुण कार्यकर्त्याचा फोन आला. मुलगा गुणी आहे, हॉलच्या खुर्च्या लावण्यापासून हिशेबापर्यंत सगळे करतो, आणि त्याचा राग मला आजही नाही. तो म्हणाला, "काकू, फोटो मस्त आहे, पण तो हात जरा... म्हणजे बघा ना, लोक घरात लावणार. हात काढून फक्त चेहरा ठेवला तर गोंडस दिसेल. सगळ्यांचे तसेच आहेत. आणि फ्रेमपण टेन बाय एटच्या आणल्यात, काहीतरी कापावंच लागणार."

मी कापले. दोन मिनिटांचे काम. हात गेला, खुर्ची गेली, दार गेले, दारातून दिसणारी ओली बाग गेली. उरला एक काळा चेहरा, वर कुठेतरी बघणारा. कुणाकडे बघतोय ते आता कुणालाच कळणार नव्हते. कार्यक्रमात तो फोटो पंचेचाळीस पौंडांना गेला. शेजारचा सोनेरी रिट्रीव्हर दोनशे दहाला. ज्यांनी मोतीला घेतले त्यांचे आभार मानते. त्यांनी एक छान कुत्रा विकत घेतला. मोती नव्हे.

आता भांडणाला सुरुवात करते. पहिला मुद्दा शुद्ध हिशेबाचा आहे, कारण 'फ्रेममुळे कापावेच लागते' हे मला ऐकवले गेले होते. फोनचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो. उंची ८ इंच धरली तर लांबी होते १० पूर्णांक दोन तृतीयांश इंच. फ्रेम १० बाय ८ ची. म्हणजे कापायला हवे होते पाऊण इंचाहूनही कमी. दाराच्या चौकटीचा एक तुकडा गेला असता, बस. मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो तिनास दोन असतो. तो ८ इंच उंच केला तर १२ इंच लांब होतो, आणि तिथे मात्र २ इंच, म्हणजे सहावा हिस्सा, खरोखरच जातो. माझा फोटो फोनचा होता. फ्रेमने मागितला पाऊण इंच आणि आम्ही दिली फोटोची दोन तृतीयांश रुंदी.

बरे, कापून फोटो चांगला झाला म्हणावे तर तेही नाही. मूळ फोटो ४०३२ बाय ३०२४ ठिपक्यांचा. १० बाय ८ साठी जेमतेम कापला असता तर इंचाला ३७८ ठिपके मिळाले असते. छापण्यासाठी ३०० भरपूर समजतात. चेहरा तेवढा ठेवला तेव्हा रुंदीत उरले सुमारे १३५० ठिपके, म्हणजे इंचाला १३५. वरून मी तो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला होता, आणि व्हॉट्सअ‍ॅप तो आणखी पिळून घेते. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा असतो, हे मला नंतर मुलाने सांगितले. मोतीच्या मिशा मेणाच्या झाल्या होत्या, त्याचे कारण हे.

पण माझा खरा मुद्दा ठिपक्यांचा नाही. आपण इल्फर्डमध्ये राहतो आणि आपल्याला फोटो कापण्याबद्दल थोडी तरी लाज असायला हवी, हा आहे. हसू नका. आपल्या गावाचे नाव जगभर गेले ते फोटोंमुळेच. आल्फ्रेड हार्मन नावाच्या गृहस्थाने १८७९ साली इथे क्रॅनब्रुक रोडवरच्या घरात फोटोच्या काचा तयार करायला सुरुवात केली. त्याच कारखान्याची पुढे 'इल्फर्ड' कंपनी झाली. कारखाना १९७६ पर्यंत गावातून गेला, कंपनीचे काम चेशायरमध्ये मॉबर्लीला चालते, पण कृष्णधवल फिल्मच्या डबीवर आजही आपल्याच गावाचे नाव असते. माझे मामा गिरगावात एका स्टुडिओत कामाला होते. त्यांच्याकडे इल्फर्डच्या फोटो कागदाचा एक रिकामा डबा होता आणि मामी त्यात बटणे ठेवत असे. लग्न होऊन मी इकडे आले आणि स्टेशनवर ती पाटी पाहिली, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो बटणांचा डबा.

मामा फोटो कातरत असत. त्यांच्याकडे पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे होते. ते फोटोवर ठेवून सरकवत, मागेपुढे करत, आणि चहा थंड होईपर्यंत विचार करत. "काय ठेवायचं ते ठरलं की काय काढायचं ते आपोआप ठरतं," असे ते म्हणत. आणि कातरले तरी कातर लागायची ती कागदाला. निगेटिव्ह अख्खी राहायची, पाकिटावर नाव घालून कपाटात. चार वर्षांनी कुणी आले आणि म्हणाले, "त्या फोटोत कडेला आमचे आजोबा होते ना?" तर आजोबा पुन्हा निघायचे. आज आपण दोन बोटांनी चौकट ओढतो, मूळ फोटो 'जागा खातो' म्हणून पुसतो आणि आजोबा कायमचे जातात. माझे नशीब की मूळ फोटो मी पुसला नव्हता.

दुसरा मुद्दाही आपल्याच गावातला. वुडफर्ड ब्रिज रोडवर पीडीएसएचे प्राण्यांचे स्मशान आहे. आपल्यातले किती जण तिथे गेले आहेत? मी अठरा वर्षे शेजारून बसने जात होते आणि उतरले नव्हते. मोती या मार्चमध्ये गेला, तेव्हा मी पहिल्यांदा गेले. त्याला तिथे पुरण्यासाठी नव्हे, नुसतीच गेले.

तिथे रिप नावाच्या कुत्र्याची कबर आहे. जातकुळी नसलेला, भटका. १९४० साली पॉप्लरमध्ये बाँब पडले, त्यात बेवारस झालेला हा कुत्रा एका एअर रेड वॉर्डनच्या मागे लागला. कुणी शिकवले नसताना तो ढिगाऱ्याखालची माणसे हुंगून दाखवू लागला. शंभरावर माणसे त्याच्यामुळे सापडली असे मानतात. १९४५ मध्ये त्याला प्राण्यांचे शौर्यपदक, डिकिन मेडल, मिळाले आणि १९४६ मध्ये तो गेला. त्याचे युद्धकाळातले फोटो पाहा. त्यांत विटांचा ढिगारा आहे आणि त्याला सांभाळणारा वॉर्डन आहे. आता आपल्या समितीच्या डोळ्यांनी तो फोटो कातरा. ढिगारा काढा, घाण दिसते. वॉर्डन काढा, लोक घरात लावणार. काय उरले? मध्यम आकाराचे एक सामान्य कुत्रे, लिलावात पंचेचाळीस पौंड.

त्याच स्मशानात सायमन आहे. डिकिन मेडल मिळालेले एकमेव मांजर. हाँगकाँगमधून १९४८ साली एका खलाशाने त्याला 'अ‍ॅमेथिस्ट' या युद्धनौकेवर नेले. १९४९ च्या एप्रिलमध्ये यांगत्से नदीत नौकेवर तोफा डागल्या गेल्या, त्यात सायमन भाजला, जखमी झाला. नौका तिथे तीन महिन्यांवर अडकून पडली आणि हा जखमी बोका धान्य खाणारे उंदीर मारत राहिला. इंग्लंडला आला तो क्वारंटाईनमध्ये गेला आणि तिथेच त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वारला. त्याच्या गोष्टीतून खलाशी काढून टाका आणि सायमनबद्दल काय सांगता येते ते मला सांगा.

या पदकाला ज्यांचे नाव आहे त्या मारिया डिकिन यांनी १९१७ साली व्हाइटचॅपलमधल्या एका तळघरात जनावरांचा मोफत दवाखाना काढला. कशासाठी? डॉक्टरचे पैसे परवडत नाहीत अशा गरिबांच्या जनावरांसाठी. म्हणजे मुळापासूनच त्या बाईंच्या चौकटीत दोघे होते, जनावर आणि त्याला घेऊन आलेले फाटके माणूस. आमच्या परळला बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ १८८३ पासून आहे. गिरणगाव त्याला 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणायचे. बैल आला म्हणजे गाडीवान आला, घोडा आला म्हणजे टांगेवाला आला, हे त्या नावातच गृहीत होते. लंडन असो की परळ, दया करणाऱ्यांना हे कळत होते. लिलाव करणाऱ्यांना का कळू नये?

आणि आपण तर मराठी माणसे. आपल्या देव्हाऱ्यात दत्ताची तसबीर असते. त्यात गाय असते आणि चार कुत्रे असतात. कॅलेंडर लहान असो वा मोठे, कुत्रे कापून फक्त तीन मुखे ठेवली, असे कुणी कधी पाहिले आहे का? खंडोबाच्या टाकात घोड्याबरोबर कुत्रा असतोच. नामदेव तुपाची वाटी घेऊन ज्याच्यामागे धावले तो कुत्रा त्या गोष्टीतून काढा, मग एका माणसाने वाटी घेऊन विनाकारण पळण्याचे चित्र उरते. आणि महाभारताच्या शेवटी धर्मराजाला स्वर्गाच्या दारात काय सांगितले गेले? कुत्रा सोड आणि आत ये. म्हणजे क्रॉप कर. धर्मराज नाही म्हणाला. मी मात्र हो म्हटले, आणि स्वर्ग नव्हे, कम्युनिटी हॉलची एक भिंत मिळावी म्हणून.

आता तुमचे आक्षेप. ते मी आधीच ऐकले आहेत.

"मग काहीच कापायचे नाही का?" कापायचे की. मागे कचऱ्याची चाकांची बादली असेल, दोरीवर चड्ड्या वाळत असतील, कुत्र्याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवला असेल, तर खुशाल कापा. प्राणी ज्या बाजूला बघतो आहे त्या बाजूला थोडी जागा ठेवा, नाहीतर तो भिंतीला नाक लावून उभा वाटतो. पाय सांध्यावर कापू नका, शेपटीचे टोक कापू नका. हे सगळे नजर नीट जावी म्हणून असते, आणि त्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो नाते कापण्याला. कातर लावण्याआधी 'हे कशाला हवे?' असे आपण विचारतो. मामांसारखे उलटे विचारून बघा, की हे गेले तर फोटोतला प्राणी कुणाचा राहील?

"पण माणसांच्या फोटोला परवानगी लागते." बरोबर आहे, घ्या. चेहरा नको म्हणाले तर चेहरा घेऊ नका. आमच्या आईंनी चेहरा नको म्हटले आणि तो मी घेतला नाही. हाताला त्यांनी नकार दिला नव्हता. नकार दिला तो आपण, आणि त्यांना न विचारता. परवानगीचा नियम एवढा प्रिय असेल तर कापण्यासाठीही ती घेत जाऊ या.

"पण धर्मादाय कामाला पैसे महत्त्वाचे. लोक गोंडस गोष्टींनाच बोली लावतात." हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याच्यापुढे मी थोडी गप्प होते. दोनशे दहा पौंड हे पंचेचाळीसपेक्षा जास्त, हे मलाही कळते. हातासकट फोटो किती पौंडांना गेला असता ते मी सांगू शकत नाही. कदाचित पंधराला. पण पैसे कुणासाठी गोळा करत होतो ते जरा आठवा. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी! आणि त्यासाठी मांडलेल्या बारा फोटोंमध्ये म्हातारपणाची एकमेव खूण म्हणजे तो हात होता. तोच आपण 'जरा...' म्हणून काढून टाकला. ज्यांच्या नावाने बोली लावायची त्यांचा हातसुद्धा भिंतीवर नको, असे त्याचे सरळ मराठी होते. त्या कार्यकर्त्याला हे म्हणायचे नव्हते, मलाही नव्हते. पण न म्हणता आम्ही ते करून बसलो.

आणि हे फक्त कुत्र्याच्या फोटोपुरते आहे असे वाटत असेल तर घरचे फोन उघडून बघा. मुंबई-पुण्याला आपण जे फोटो पाठवतो त्यांत व्हॅलेंटाइन्स पार्कमधली फुले असतात, भिंतीवरची बुरशी नसते. नवी सोफासेट असते, रात्रपाळीचा गणवेश नसतो. तिकडचे नातेवाईकही कमी नाहीत. तेही हसरे आजोबा पाठवतात आणि पलंगाला टेकलेला वॉकर कापतात. मग एक दिवस अचानक फोन येतो आणि आपण म्हणतो, "कालच्या फोटोत तर छान दिसत होते!" दिसणारच. दोन्ही बाजूंना कातर चालू होती.

तेव्हा पुढच्या लिलावासाठी माझ्या तीन मागण्या आहेत. त्या वार्षिक सभेत मांडणारही आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

एक, फोटो आधी मागवावेत आणि फ्रेमा नंतर आणाव्यात. १० बाय ८ च्या फ्रेमा स्वस्त मिळतात हे खरे, पण जिथे मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो आहे तिथे १२ बाय ८ आणा किंवा कडेला पांढरा पुठ्ठा सोडा. पांढरी कड सोडल्याने कुणाचा हात तुटत नाही.

दोन, कापायचे असेल तर ज्याचा फोटो आहे त्याने कापावे, आणि चौकटीत जे माणूस आहे त्याला दाखवून कापावे. मूळ फोटो मंडळाच्या संग्रहात पूर्ण ठेवावा, मामांच्या निगेटिव्हसारखा.

तीन, प्रत्येक फ्रेमखाली प्राण्याच्या नावाबरोबर तो दिवसा कुणाजवळ असतो ते एका ओळीत लिहावे. किंमत वाढेल की कमी होईल ते मला ठाऊक नाही. बोली लावणाऱ्याला निदान कळेल की तो कशावर बोली लावतो आहे.

मोती मार्चमध्ये गेला हे वर लिहिलेच. शेवटचे दोन दिवस तो उंबऱ्यावरच होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. आता आई दुपारी मागचे दार उघडून बसतात आणि काही बोलत नाहीत. मी कामाचे तीनच दिवस ठेवले आहेत. त्याने काय होते ते बघायचे. पूर्ण फोटो मोठा करून मी त्यांच्या खोलीत लावला. त्यावर त्या काही विशेष बोलल्या नाहीत. "बांगड्या तेव्हा सैल होत्या," एवढेच म्हणाल्या.

संपादक मंडळाला एक विनंती. या लेखासोबत तो फोटो पाठवते आहे, पूर्ण, हातासकट, 'डॉक्युमेंट' म्हणून. दरवर्षी शेवटच्या क्षणी पानांची जागा कमी पडते हे मला माहीत आहे. यंदाही पडली तर माझा लेख खुशाल कापा. फोटो कापू नका.